दोन थौ

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
मी लेथवर होतो, बावीस वर्षांचा.
कायतान मिस्किटा जेवणाच्या सुट्टीत गेटवर आला,
रुमालात काहीतरी धरून,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसं.
ट्रंपेटचा माउथपीस होता. पितळी, झिजलेला.
"पुढचे चार दात गेले. कवळीवर ही कडा बसत नाय.
नवा कर, जरा रुंद."
किती?
त्यानं ओठावरून बोट फिरवलं. "एवढा."
आमच्यात एवढा असं माप नसतं.

तरी मी सळई चकात धरली.
पितळ कापताना फार ओरडत नाही,
बारीक पिवळा भुगा उडतो, बाह्यांवर बसतो.
तो बोलत राहिला,
माझ्याशी नाही, मशीनशी.

जन्म चरईतला. बाप मिठागरावर मुकादम.
पाद्रीनं सूर शिकवले,
बदल्यात पहाटेची घंटा ओढायची.
बत्तीस साली बॅलार्ड पियरवर
बोटीच्या खानसाम्याकडून तीन तबकड्या घेतल्या,
आईच्या कुड्या विकून.
उसन्या ग्रामोफोनवर त्या घासघासून
अकरा जणांचे अकरा कागद लिहिले.
ड्रमवर चेंदणीचा रावजी गोंधळी,
ज्याचा हात संबळावर बसलेला.
त्याला वळवायला सहा महिने गेले.
"समेवर धावत येऊ नको रं, रावज्या.
सम उभी राहू दे दारात.
तू चपला शोधत बस थोडा."

मग फोर्टातल्या हॉटेलावर पाटी लागली:
टेक्स मॅलरी आणि मंडळी, शिकागोहून थेट.
मॅनेजरनं बजावलं, तोंड उघडायचं ते वाजवायलाच.
सात वर्षं तो स्टेजवर मुका होता.
मोजणी भुवईनं.
लढाईतल्या एका नाताळात दिवे गेले,
अंधारात रावजी घसरला
आणि टेक्स मॅलरी ओरडला,
"रावज्या, मेल्या, एक दोन तीन!"
गोऱ्या सोजिरांनी टाळ्या पिटल्या.
त्यांना वाटलं, गाण्यातलंच आहे.

मग दारूबंदी.
नाचायच्या फरशीवर जेवणाची टेबलं आली.
दोघं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले, एक कराचीला,
रावजी परत गोंधळात.
बाकीच्यांचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
हा जांभळी नाक्यावर लाल डगला घालून
वरातीत, नवरदेवाच्या घोड्यामागे,
खाली बघत पाय टाकत.
वाईट वाटतं का?
"घोडा ठेक्यात चालतो रं. मॅनेजरपेक्षा बरा."

माउथपीस अजून गरम होता, त्यानं लावलाच.
कोपऱ्यातल्या शेपरचा पट्टा ढिला होता,
प्रत्येक फेरीला फटका जरासा उशिरा मारायचा.
आम्ही त्याला रोज शिव्या घालायचो.
कायताननं मान तिकडे वळवली.
डोळे मिटून चार फटके ऐकले
आणि पाचव्याच्या आधी शिरला.

मला सुरांतलं कळत नाही.
एवढं सांगतो, तो पट्टा त्या दिवशी
चपला शोधत होता.
फोरमन चौबळ ओरडायला आले
आणि डब्याचं झाकण हातात धरून तसेच राहिले.

तो मध्येच थांबला. ओठ चाटला.
"हितं केसभर जास्त खाल्लंस."
मी हसलो. ड्रॉइंग नव्हतं, माप नव्हतं,
मी जुन्या कडेवरून अंदाजानं आकडा धरला होता.
मायक्रोमीटर लावला.
दोन थौ.
इंचाचे दोन हजारांश,
म्हाताऱ्या, शिवलेल्या, कवळीवर टेकलेल्या ओठाला.

दुसरा करून देतो म्हटलं, गुरुवारी या.
लग्नसराई होती, आला नाही.
पुढच्या गुरुवारीही नाही.
चरईत चौकशी केली तर म्हणाले, कोण, बँडवाला? वारला.

दुसरा माउथपीस माझ्याकडे आहे, मापात.
कुणी लावून पाहिलेला नाही.

आणि चौबळांनी त्याच महिन्यात पट्टा आवळून घेतला.
शेपर समेवर चालायला लागला.
उत्पादन वाढलं थोडं.